मे महिन्यात कामगंध सापळ्यात आलेले लहान पतंग गुलाबी बोंडअळीचेच आहेत का?

प्रश्न : धुऱ्यावरची (हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा)

नमस्कार. आमची सात एकर कोरडवाहू कपाशी आहे. गेल्या हंगामात दसऱ्यापर्यंत पीक चांगले दिसत होते, पण त्यानंतर गुलाबी बोंडअळीने गाठले आणि शेवटच्या दोन वेच्यांत कापूस कमी व कवडी (नीट न उमललेला, किडका कापूस) जास्त अशी अवस्था झाली. यंदा आधीपासूनच लक्ष ठेवावे म्हणून एप्रिलच्या अखेरीस मी या किडीची नवी ल्यूर (पतंगांना ओढणारी गंधाची गोळी) आणली आणि दोन नरसाळे सापळे लावले. एक शेताच्या धुऱ्यावर आहे. दुसरा घराच्या मागील अंगणात, पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग आणि ज्वारीच्या कोठ्या ठेवलेली खोली यांच्या मधोमध आहे.

तीन आठवड्यांत धुऱ्यावरच्या सापळ्यात दोन पतंग आले आणि अंगणातल्या सापळ्यात तब्बल ३१. शेतात सध्या कपाशीचे एक पानही नाही. ज्या दुकानातून ल्यूर आणली तेथे विचारले असता, प्रादुर्भाव आतापासूनच सुरू झाला आहे, तेव्हा औषध घेऊन ठेवा, असा सल्ला मिळाला. माझे सासरे मात्र सापळ्याची पिशवी उजेडात धरून म्हणाले की ही ज्वारीची पाखरं आहेत, दर उन्हाळ्यात कोठीचे झाकण उघडले की हीच तोंडावर येतात. त्यांचे म्हणणे मला पटण्यासारखे वाटते, पण एक गोष्ट समजत नाही. ल्यूरच्या पाकिटावर केवळ गुलाबी बोंडअळीचे नाव आहे, तर मग ज्वारीतले पाखरू तिच्याकडे कशाला येईल?

पतंग फार लहान आहेत, गव्हाच्या दाण्याहून थोडे लांब. बहुतेकांचा रंग वाळलेल्या कडब्यासारखा आहे, काही थोडे काळपट वाटतात. पिशवीत फडफडून पंखांवरची भुकटी उडाल्यामुळे नक्षी नीट दिसत नाही. यांची खात्रीने ओळख कशी करावी, आणि हे पतंग खरोखरच बोंडअळीचे असतील तर ते मे महिन्यात कोठून आले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : जुना कीटकशास्त्र शिक्षक

ताई, आपल्या सासऱ्यांचे निरीक्षण बहुतांशी बरोबर असावे असे आपल्या वर्णनावरून वाटते, आणि तरीही दुकानदाराचे म्हणणे पूर्णपणे चूक ठरेलच असे नाही. आपल्या सापळ्यात दोन निरनिराळ्या जातींचे पतंग एकत्र असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

आधी बोंडअळीचा पतंग पाहू. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे त्याचे शास्त्रीय नाव असून तो गेलेचिडी या कुळातील आहे. पंख पसरले असता त्याची रुंदी साधारण १२ ते २० मिलिमीटर भरते, आणि बसलेला असताना पंख अंगाला लपेटून घेत असल्यामुळे तो एखाद्या बारीक काडीच्या तुकड्यासारखा दिसतो. पुढचे पंख राखट तपकिरी असतात व त्यांवर काळसर रंगाचे अनियमित डाग आणि पुसट आडवे पट्टे असतात. मागचे पंख चंदेरी करडे असून त्यांच्या कडेला केसांची लांब झालर असते. तोंडाजवळची दोन स्पर्शांगे लांब असून शिंगांसारखी वर वळलेली असतात. शृंगिकेच्या, म्हणजे मिशीच्या, अगदी बुडाशी असलेल्या पेरावर ताठ केसांची एक छोटी फणी असते, आणि पेक्टिनोफोरा या नावाचा अर्थच मुळी फणी धारण करणारा असा आहे. ती पाहायला मात्र चांगले भिंग हवे.

आता ज्वारीतला पतंग. हा सायटोट्रोगा सिरियालेला, म्हणजे आपण ज्याला साठवणीच्या धान्यातील पतंग म्हणतो तो. फ्रान्समधील आंगूम्वा प्रांतात अठराव्या शतकात त्याने गव्हाची दैना केली, म्हणून त्या प्रांताचे नाव जगभर त्याला चिकटले आहे. तो गेलेचिडी कुळातीलच, म्हणजे बोंडअळीच्या पतंगाचा भाऊबंदच आहे, त्यामुळे वर वळलेली स्पर्शांगे, झालर आणि एकूण ठेवण या बाबतींत दोघांत पुष्कळ साम्य आढळते. फरक रंगात आहे. धान्यातील पतंगाचे पुढचे पंख गवती पिवळे व किंचित चकचकीत असतात आणि त्यांवर फार तर एखादा बारीक काळा ठिपका असतो, आडवे पट्टे नसतात. दुसरी खूण अधिक भरवशाची आहे, कारण भुकटी झडली तरी ती टिकते. मागचा पंख हलकेच पसरून पाहावा. धान्यातील पतंगाचा हा पंख अरुंद असून टोकाशी एकदम निमुळता होतो आणि बोटासारखा पुढे निघालेला दिसतो, तर झालरीची लांबी पंखाच्या रुंदीहूनही जास्त असते. बोंडअळीच्या पतंगाचा मागचा पंख त्या मानाने रुंद असतो. पतंग पांढऱ्या कागदावर ठेवून, पाण्यात बुडवून झटकलेल्या बारीक कुंचल्याने पंख उलगडले तर हे काम घरीही जमते. माझे विद्यार्थी बाभळीच्या काट्याने पंख उलगडत आणि निम्मे फाडत, म्हणून कुंचला.

ल्यूरकडे ज्वारीचे पाखरू का येते, हा आपल्या प्रश्नातील सर्वांत उत्तम भाग आहे. बोंडअळीची मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्याच्या नक्कलेला गॉसिप्ल्यूर म्हणतात. १९६६ मध्ये एक वेगळाच पदार्थ हा गंध असल्याचे जाहीर झाले होते, पण शेतात त्याच्याकडे पतंग फिरकेनात, आणि खरा गंध १९७३ मध्ये हाती लागला. त्यात सोळा कार्बनांची साखळी असलेली दोन संयुगे साधारण निम्मी-निम्मी असतात. दोघांची घडण एकच, केवळ अकराव्या कार्बनाशी असलेल्या दुहेरी बंधाचा कल वेगळा. आता गंमत अशी की या दोहोंपैकी एक संयुग हाच धान्यातील पतंगाच्या मादीचा गंध आहे. त्यामुळे गॉसिप्ल्यूरची ल्यूर कोठीशेजारी टांगली की ज्वारीतल्या नर पतंगांना तेथे आपली मादी बसली आहे असे वाटते. यात ल्यूर खराब किंवा भेसळीची असण्याचा प्रश्न नाही. सापळा चुकीच्या ठिकाणी टांगला गेला, इतकेच.

ज्वारी तपासण्याचीही सोपी रीत आहे. या जातीची अळी एकाच दाण्याच्या आत वाढते, दाणा पोखरते, आणि कोषात जाण्यापूर्वी दाण्याच्या सालीला आतून गोल खिडकी कोरून ठेवते, म्हणजे पुढे पतंगाला तेवढी चकती ढकलून बाहेर पडता येते. कोठीच्या वरच्या थरातील मूठभर दाणे पाण्यात टाकावेत, पोकळ झालेले दाणे तरंगतील आणि त्यांवर या खिडक्या दिसतील. हा पतंग राशीत खोलवर शिरू शकत नाही, त्यामुळे नुकसान वरच्या थरातच अधिक असते. तो थर काढून कडक ऊन द्यावे, चाळावे, आणि कोठी हवाबंद करावी. दाण्यांना जाळी धरणारा पतंग वेगळा, तो तांदळातला, आकाराने मोठा.

उत्तर २ : अंबड रोड (जालना)

सरांचे उत्तर माहितीपूर्ण आहे, पण मग सापळ्यावर विश्वास तरी कशाला ठेवायचा? आम्हाला सांगितले जाते की एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्या. त्या आठांत पाच ज्वारीचे असतील तर आम्ही विनाकारण हजारो रुपयांचे औषध ओतणार. आमच्या वस्तीवर तर कपाशी गोठ्यापर्यंत आलेली असते आणि गोठ्याच्या माळ्यावर मक्याची कणसे असतात. मक्यालाही हेच पाखरू लागते ना?

उत्तर ३ : जुना कीटकशास्त्र शिक्षक

होय, ज्वारी, मका, गहू, भात या सर्वांना लागते. आपली शंका रास्त आहे, म्हणूनच सापळे घर, गोठा, खळे आणि कोठार यांपासून दूर, उभ्या पिकाच्या आत लावावेत, आणि पतंग मोजण्यापूर्वी रंगाने वेगळे करावेत. आठ पतंगांचा जो निकष आहे तो पीक पात्या (कळ्या) व फुलांवर आल्यानंतरच्या काळासाठी आहे, मे महिन्यातील मोकळ्या रानासाठी नव्हे. शिवाय सापळ्यात फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी तेथे कधीच मोजली जात नाही. त्यामुळे सापळ्याचा आकडा हा इशारा समजावा आणि निर्णय डोमकळ्या व बोंडे पाहून घ्यावा. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल म्हणजे डोमकळी, आणि ती उघडली की आत अळी सापडतेच. आठवड्याला वीस हिरवी बोंडे फोडून पाहिली आणि त्यांतील दोनांत अळी किंवा नुकसान दिसले, म्हणजे दहा टक्के, तर ती नुकसानीची पातळी समजतात. बोंडे फोडण्याचा कंटाळा हाच या किडीचा खरा मित्र आहे, असे मी वर्गात सांगत असे, आणि मुले ते वाक्य वहीत उतरवून घेत, बोंडे मात्र फोडत नसत.

उत्तर ४ : रुई-गाठी (अकोला, जिनिंग व्यवसाय)

पतंग मे महिन्यात कोठून आले, याचे उत्तर मी आमच्या धंद्याच्या, म्हणजे जिनमध्ये कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या, बाजूने देतो, कारण त्यात आमचा वाटा मोठा आहे.

हंगामाच्या शेवटी थंडी पडू लागली आणि दिवस लहान झाले की पूर्ण वाढलेली गुलाबी अळी कोषात न जाता सुप्तावस्थेत जाते. यासाठी ती पुष्कळदा दोन सरक्या रेशमाने एकत्र जोडून घेते आणि त्यांच्या पोकळीत झोपते. आम्ही यांना जोडसरकी म्हणतो. पऱ्हाटीवर राहिलेली किडकी बोंडे, जिनाच्या आवारात पडलेली कवडी आणि तेलगिरणीकडे जाणारी सरकी, या सर्वांत अशा अळ्या महिनोन् महिने राहू शकतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, विशेषतः पहिल्या वळवाच्या पावसानंतर, त्यांचे पतंग होऊन बाहेर पडू लागतात. ताईंच्या अंगणात पऱ्हाटीचा ढीग आहे, म्हणून सगळीच पाखरे ज्वारीची असतील असे मी तरी म्हणणार नाही.

या पतंगाचा जगभरचा प्रसार झाला तोही याच जोडसरकीच्या पाठीवर बसून. याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने केले आणि त्यासाठीचे नमुने आपल्या शेजारच्या भडोच येथील सरकारी कापूस लागवडीतून गेले होते. ही जात मुळात भारतीय उपखंडातील की इंडोनेशिया व वायव्य ऑस्ट्रेलियाच्या पट्ट्यातील, याबद्दल आजही दोन मते आहेत. पुढचा प्रवास मात्र स्पष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातून गेलेल्या कापसातून ती इजिप्तमध्ये पोहोचली, इजिप्तच्या सरकीतून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत, आणि १९१७ मध्ये टेक्सासमध्ये आढळली. आज आफ्रिका, आशिया आणि दक्षिण अमेरिका येथील बहुतेक कापूस-पट्ट्यांत ती आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर व पश्चिम भागात ती आहे, पण पूर्वेकडील मुख्य कापूस-पट्ट्यात नाही. तेथे क्वीन्सलँडमध्ये तिचीच एक वेगळी सख्खी जात आढळते.

आपल्याकडील अलीकडचे उदाहरण पंजाब-हरियाणाचे. गुजरात, महाराष्ट्र, तेलंगणा हे भाग २०१५ पासून होरपळत असताना उत्तरेकडची बीटी (बोंडअळीला मारणारे जनुक घातलेली) कपाशी बरीच सुरक्षित होती. नंतर तेथे जिन आणि तेलगिरण्यांच्या जवळच्या शेतांत ही अळी दिसू लागली आणि २०२१ मध्ये बठिंडा, मानसा भागात तिने मोठे नुकसान केले. पतंग वाऱ्याबरोबर दूर जाऊ शकतो हे खरे आहे, पण हजार किलोमीटर जायला त्याला ट्रक अधिक सोयीचा पडतो. म्हणूनच जिनांच्या आवारात सापळे लावा आणि उन्हाळ्यापूर्वी किडकी सरकी नष्ट करा असा आग्रह धरला जातो. सर्वच जण तो पाळतात असा दावा मी करणार नाही.

उत्तर ५ : वऱ्हाडी फिनिक्सकर

मी मूळचा दर्यापूरचा असून अनेक वर्षे अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात राहतो. वरील उत्तरात टेक्सासचा उल्लेख आला म्हणून पुढची गोष्ट सांगतो. अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या कापूस-पट्ट्यातून ही कीड संपल्याचे अधिकृतपणे जाहीर केले. येथे बीटी कपाशी, गंधाने नरांची दिशाभूल, पऱ्हाटीचा वेळेवर नायनाट आणि वांझ पतंग सोडणे हे सर्व एकाच वेळी चालवले गेले. फिनिक्समध्ये वांझ पतंगांचे उत्पादन होत असे. अळ्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळत, त्यामुळे पतंगाच्या पोटात तो उतरे आणि सापळ्यात आलेला पतंग कारखान्यातला की रानातला हे त्याला चिरडून पाहिले की कळे. असे अब्जावधी पतंग विमानांतून सोडले गेले.

या चर्चेच्या विषयाशी याचा संबंध असा की या सर्व मोहिमेत रोजचे काम तेच होते, जे ताई अंगणात बसून करू पाहत आहेत : सापळ्यातील प्रत्येक पतंग कोणत्या घरचा, हे ठरवणे. आपल्याकडे हे सारे जसेच्या तसे करता येईल असे मला वाटत नाही. येथील शेते अफाट आहेत, मालक मोजके आहेत, आणि बीटीसोबत साधी कपाशी लावण्याचा नियम सुरुवातीला कसोशीने पाळला गेला, त्यामुळे अळीत प्रतिकारशक्ती लवकर आली नाही. भारतात २००२ मध्ये पहिली बीटी कपाशी आली आणि २०१० मध्येच गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या चार जिल्ह्यांत तिला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी असल्याचे जाहीर झाले. २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या वाणांचेही पुढे तेच झाले.

उत्तर ६ : जुना कीटकशास्त्र शिक्षक

जिनिंगवाल्या बंधूंचा मुद्दा मान्य आहे, मी ढिगाचा विचार मागे ठेवला होता. ताईंना एवढेच सांगतो की या महिन्यात निघालेल्या पतंगांवर औषध मारण्याचे काहीही कारण नाही. पतंगाचे आयुष्य साधारण एक-दोन आठवड्यांचे असते, आणि मादीला अंडी घालण्यासाठी पात्या, फुले, कोवळी बोंडे हवीत. ती नसतील तर हे पतंग वंश न वाढवताच मरतात, याला आम्ही आत्मघाती उगवण म्हणतो. राज्यात मध्यंतरी काही वर्षे १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कपाशीचे बियाणे विकू देत नसत त्यामागे हाच हिशेब होता. मे महिन्यात ओलिताखाली लावलेली कपाशी जूनअखेर पात्यांवर येते आणि या पतंगांना आयते घर मिळते, मग तीच पिढी पुढे साऱ्या शिवाराला पुरते. परसात भेंडी किंवा अंबाडी असल्यास तिच्या फुलांवर नजर ठेवावी, कारण अडचणीच्या काळात ही अळी तिच्यावरही आढळते. मुख्य म्हणजे ढीग हलवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर : धुऱ्यावरची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दुपारी सासऱ्यांना सोबत घेऊन पिशवीतले ३१ पतंग पांढऱ्या कागदावर मांडले. नातवाच्या चित्रकलेचा कुंचला वापरला, त्यामुळे घरात थोडा वाद झाला. २४ पतंग स्वच्छ गवती रंगाचे निघाले आणि त्यांच्या मागच्या पंखांना सरांनी सांगितले तसे बोटासारखे टोक होते. पाच राखट तपकिरी होते, त्यांतील तिघांच्या पंखांवर काळे डाग अजून स्पष्ट होते आणि मागचा पंख रुंद होता. दोन इतके चुरगळले होते की त्यांना कोणत्याच बाजूला टाकले नाही. धुऱ्यावरच्या सापळ्यातील दोन्ही पतंग राखट निघाले. ज्वारीचे मूठभर दाणे पाण्यात टाकले, त्यांतील बरेचसे तरंगले आणि गोल खिडक्याही दिसल्या. सासऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण पाच राखट पतंग बाजूला काढून दाखवल्यावर ते म्हणाले की ही मात्र आपल्या ओळखीची नाहीत.

अंगणातला सापळा तेथून काढून पऱ्हाटीच्या ढिगाच्या पलीकडच्या टोकाला, कोठीच्या खोलीपासून जितका दूर नेता येईल तितका नेऊन टांगला. आज सकाळी त्यात तीन पतंग होते, एक गवती आणि दोन राखट. ढिगातली बारीक पऱ्हाटी चुलीसाठी आठवड्यात संपण्यासारखी नाही, म्हणून गावातल्या कुट्टी यंत्रवाल्याला उद्याचे सांगितले आहे. अंबाडीची चार झाडे कुंपणाला आहेत, ती मी अजून तपासलेली नाहीत.